कमरेएवढं शटर

गोंदियात रात्री काय असतं, असं कोणी विचारलं की माझी पंचाईत होते. 'काही नसतं' म्हणावं तर ते खोटं ठरतं, आणि 'असतं' म्हणावं तर समोरचा लगेच विचारतो, काय असतं? ते चार वाक्यांत सांगता येत नाही. त्यासाठी मला सिस्टरांबद्दल सांगावं लागतं, आणि सिस्टरांबद्दल बोलायला लागले की ऐकणाऱ्याची बाकीची कामं राहून जातात.

सिस्टर म्हणजे माझ्या घरमालकीणबाई. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं आणि वरची एक खोली त्या भाड्याने देत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी रोज पांढरी, कडक इस्त्रीची साडी नेसत. नाव त्यांना अर्थातच होतं, पण गावात कोणी ते वापरत नसे. पोस्टमन, भाजीवाला, पोलीस, सगळ्यांच्या तोंडी सिस्टर. मीही पहिल्याच दिवशी तेच म्हणायला लागले.

मी दोन हजार चार साली एका विमा कंपनीच्या शाखेत बदली होऊन पुण्याहून तिथे गेले. वय सव्वीस, आणि आपण काळ्या पाण्यावर आलो आहोत अशी पक्की समजूत. पहिल्याच रात्री नऊच्या सुमारास पोलिसांची गाडी बाजारातून 'बंद करो, बंद करो' करत गेली, धडाधड शटरं खाली आली आणि रस्त्यावर एक गाय आणि मी अशा दोघीच उरलो. मी आईला फोन करून सांगितलं, की इथे रात्र नावाचा प्रकारच नाही, संध्याकाळनंतर एकदम सकाळ होते. आई हसली. सिस्टर खालच्या खोलीत बसून सगळं ऐकत होत्या, त्या हसल्या नाहीत.

"उद्या जेवण झालं का खाली ये," त्या म्हणाल्या. "तुले बाजार दाखवते."

"सिस्टर, बाजार बंद झालाय ना?"

"म्हणूनच तं. उघडा बाजार काय पाहाचा? तो तं कोनालेही दिसते."

दुसऱ्या दिवशी साडेनऊला आम्ही निघालो. सिस्टरांनी माझ्या दंडाला धरलं. मला ते जरा जास्तच वाटलं, कारण ओळख होऊन दोनच दिवस झाले होते. एका हातात त्यांनी टॉर्च घेतला होता, पण तो लावला नाही. विचारलं तर म्हणाल्या, तो कुत्र्यांसाठी हाये. पुढे अडीच वर्षांत तो टॉर्च लागलेला मी एकदाही पाहिला नाही, आणि कुत्रीही त्यांच्या वाटेला गेली नाहीत. चालताना त्या तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत. मला वाटायचं, विहारात म्हणतात त्यातलं काही असेल.

गल्ली संपून मुख्य रस्त्याला लागलो आणि त्या थांबल्या. भाताच्या गिरण्यांकडून उकडलेल्या धानाचा वास येत होता. स्टेशनवर कोणती तरी गाडी उशिरा येणार असल्याचं एक बाई समजुतीच्या सुरात सांगत होती. रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोकळा, आणि दोन्ही बाजूंना बंद दुकानं.

"सांग, काय दिसून राहिलं?"

"काही नाही."

"नीट पाय. खाली पाय."

मी खाली पाहिलं. मग दिसलं, की एकही शटर पुरतं जमिनीला टेकलेलं नव्हतं. प्रत्येकाच्या खाली कमी-जास्त फट होती, आणि त्या फटीतून पिवळा उजेड रस्त्यावर येऊन पडला होता. कुठे बारीक रेघ, कुठे सतरंजीएवढा रुंद पट्टा. सगळा रस्ता त्या पट्ट्यांनी आखलेला होता आणि प्रत्येक पट्ट्याच्या मागून हळू बोलणं येत होतं. कोणी तरी हसलं. कुठे तरी कपबशी वाजली. मी तिथे एकटी वीस मिनिटं उभी राहिले असते तरी मला ते दिसलं नसतं.

मग सिस्टरांनी मला त्या बाजाराची रीत सांगितली. पोलिसांच्या दृष्टीनं शटर खाली आलं म्हणजे दुकान बंद, पण गोंदियाच्या माणसाला दुकान बंद करून लगेच घरी जायची सवय नाही. तो आत बसतो. शटर वीतभर वर असेल तर आतल्या माणसाला एकटं बसायचं आहे, त्याच्या वाटेला जायचं नाही. गुडघ्याएवढं असेल तर घरचं कोणी आलेलं आहे, जेवण चाललं असेल, बाहेरून आवाज द्यायचा आणि पुढे जायचं. कमरेएवढं असेल तर सरळ वाकून आत शिरायचं, चहा मिळतो. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पण कमरेएवढं शटर ठेवून आलेल्याला परत पाठवणारा माणूस मी तिथे पाहिला नाही.

"आता रोज तू सांगत जाजो," त्या म्हणाल्या. "कोनतं किती वरतं हाये. त्याच्याशिवाय गाव शिकत नाई मानूस."

मी रोज सांगू लागले. टेलर मास्तरांचं कमरेएवढं. घड्याळवाल्याचं वीतभर. बांगड्यावालीचं गुडघ्याएवढं. शाळेतल्या पोरीसारखी माझी उजळणी चालायची आणि सिस्टर माझा दंड धरून, मान थोडी तिरकी करून ऐकायच्या. चुकले तर बोलणी बसायची. पण त्या शटरखालून आत शिरायच्या तेव्हा मला हसू येई. शटर कितीही वर असो, पुरतं उघडं असलं तरी, सिस्टर कमरेतून पार दुमडून आत जायच्या. मला वाटे, जुन्या माणसांचा विनय असेल.

तऱ्हेवाईक तर त्या होत्याच. घरातलं स्टूल मी बोटभर सरकवलं तरी त्यांना कळायचं आणि "कोनं हलवलं?" असा आवाज माडीपर्यंत यायचा. चहाचा डबा, साखरेचा डबा, काडेपेटी, सगळ्यांच्या जागा पोलादी. वरच्या खोलीत येताना त्या कधी कठड्याला हात लावत नसत, पण उतरताना न चुकता अकराव्या पायरीवर थबकत आणि मग बारावी. भारनियमनाच्या दिवसांत वीज गेली की सगळा बाजार एकदम काळा होई, मी जागच्या जागी थिजे, आणि सिस्टर मात्र त्याच चालीने पुढे जात. "अंधारात भ्याचं काय? अंधार काय नवा हाये?" मी घरी कौतुकाने सांगायचे, की आमच्या सिस्टरांना कशाचीच भीती वाटत नाही. अक्कल माणसाला किती उशिरा येते याचं मी चांगलं उदाहरण आहे.

हिवाळ्यात नागझिऱ्याचं जंगल पाहायला येणारी माणसं एखादी रात्र गावात मुक्काम करत. एकदा अशीच एक जोडी भर रस्त्यात उभी होती, गळ्यात कॅमेरा, तोंडावर कंटाळा. त्या माणसाने सिस्टरांना विचारलं, "आंटी, यहाँ रात को कुछ होता नहीं क्या?"

"होता है ना," सिस्टर म्हणाल्या. "आप उसी में तो खड़े हो."

त्या दोघांनी चहूकडे पाहिलं आणि लॉजचा रस्ता धरला. मी हसले, पण मनातून ओशाळले, कारण वर्षापूर्वी मीही तिथेच तशीच उभी होते.

कपड्याच्या दुकानातले सेठ सिस्टरांच्या खास मर्जीतले. त्यांच्याकडे गाद्या घातलेल्या, आणि सिस्टरांची बसायची जागा ठरलेली. एका रात्री तिथून परत येताना त्या म्हणाल्या, "ह्या सेठच्या बापाच्या वेळी मले पानी वरून ओतून भेटे. ओंजयीत. आमच्या लोकाईले तसंच भेटे. मी दुपारची ड्यूटी करून रातच्याले इथूनच घरी जाओ. शटर कमरेएवढं असो का डोक्याएवढं, माह्यासाठी ते बंदच."

"मग?"

"मंग त्याहिच्या सुनेचं बायंतपन अडलं. हा सेठ सायकल घेऊन मले बोलवाले आला. मी रातभर बसली. दुसऱ्या दिवशी कप भेटला. कान असलेला." त्या थोडं हसल्या. "मास्तरच्या घरी पोराले धनुर्वात झाला, तवा तिथचं उघडलं. बांगड्यावालीनं तं पाच वर्सं लावली. हा बाजार मले एका दिवसात नाई उघडला पोरी. वीत-वीत करून उघडला हाये."

त्या रात्री मी त्यांचा हात जरा घट्ट धरला होता एवढं आठवतं.

आणि मग ती माझी चूक. दोन हजार सातचा मार्च असेल. चालता चालता घरून फोन आला. बहिणीचं लग्न ठरलं होतं, मी आनंदात होते, मोबाइल कानाला लावून बोलत होते. मास्तरांच्या दुकानासमोर सिस्टरांनी विचारलं, "किती हाये?" मी न पाहताच सांगितलं, "कमरेएवढं." मास्तरांचं रोज तेवढंच असे. त्या दिवशी त्यांचे पाहुणे आले होते आणि शटर गुडघ्यावर होतं. सिस्टर माझा हात सोडून नेहमीसारख्या वाकल्या आणि तरातरा पुढे झाल्या. लोखंडाची कड सरळ कपाळावर बसली.

आवाज ऐकून मास्तर बाहेर आले. पांढऱ्या साडीवर रक्त ओघळत होतं आणि सिस्टर रस्त्यावर बसून हाताने काही तरी चाचपत होत्या. डोळ्यांवरचा चष्मा निसटून त्यांच्या समोर, दीड हातावर, उजेडाच्या पट्ट्यात पडलेला होता. त्या त्याच्या उजवीकडे शोधत होत्या, मग डावीकडे. मी ते पाहिलं आणि एकदम सगळं माझ्या ध्यानात आलं. स्टूल, अकरावी पायरी, न लावलेला टॉर्च, तोंडातल्या तोंडात मोजलेली पावलं. गाव मला शिकवायचं म्हणून त्या विचारत नव्हत्या. त्यांना दिसत नव्हतं म्हणून विचारत होत्या.

तीन टाके पडले. घरी आल्यावर त्यांनी स्वतःच सांगितलं. आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं. आता दिवसा समोरचं तेवढं दिसतं, नळीतून पाहिल्यावाणी. नागपूरला दोनदा दाखवून झालं होतं, उपाय नव्हता. वरची खोली त्यांनी भाड्याने का दिली तेही सांगितलं. एक माणूस सोबत हवा होता आणि सोबत हवी आहे हे कुणाला कळायला नको होतं.

"मंग घरीच काऊन नाई बसत, असं म्हनशील," त्या म्हणाल्या. "घरी बसली तं लोक विचारतीन काऊन बसली. अन माह्या भाच्याच्या कानावर गेलं, का तो मले देवरीले घेऊन जाईन. तिथं मले कोन ओयखते? खोलीत बसवतीन, वेळेवर ताट आनून देतीन. कोनाले सांगू नोको."

मी नाही सांगितलं. पण कपाळावरची पट्टी बोलायची थोडीच थांबणार? आठव्या दिवशी भाचा जीप घेऊन हजर झाला. तो देवरीला शाळेत शिक्षक होता, भला माणूस होता. त्याची आई तो लहान असतानाच गेली आणि सिस्टरांनीच त्याला वाढवलं होतं. त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, मावशीला दिसतं का? मी म्हटलं, दिसतं की, पाय घसरला. जेवताना सिस्टरांनी त्याच्या पेल्यात पाणी ओतलं आणि निम्मं ताटात गेलं. त्याने ते पाहिलं. ताट बाजूला सारून म्हणाला, "मावशी, सामान बांध. सकाळी निघू."

"नाई येत."

"तुले दिसत नाई मावशी. काऊन लपवून राहिली?"

सिस्टर उठल्या. साडीचा पदर नीट केला. "चाल," त्या म्हणाल्या. "आज तू चाल माह्यासोबत बाजारात. एका जागी जरी अडखयली, तं येते तुह्या संगं. मंग तोंडातून शब्द काढनार नाई."

माझ्याकडे वळून त्यांनी मागे राहायचं आणि तोंड उघडायचं नाही असा माझ्याकडून शब्द घेतला. भाच्याने त्यांचा हात धरला आणि मी दहा पावलांवरून चालू लागले. मास्तरांच्या दुकानापर्यंत त्या मोजत मोजत अचूक गेल्या. तिथे थांबल्या आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "सांग, शटर किती वरतं हाये?"

भाच्याने इकडेतिकडे पाहिलं. तो देवरीचा. त्याला तेच दिसलं जे मला पहिल्या रात्री दिसलं होतं. "कोनतं शटर? सगळं बंद हाये मावशी. बाजार झोपला."

सिस्टरांचा पाय उचललेला होता, तो तसाच राहिला. पुढे टाकावा की नाही ते त्यांना कळेना. मी ओरडून सांगणार होते, पण शब्द देऊन चुकले होते. रस्त्यावर नुसता धानाचा वास आणि उजेडाचे पट्टे.

मग शटरच्या आतून मास्तरांचा आवाज आला. शांतपणे, रोजच्यासारखा. "कमरेएवढं हाये सिस्टर. या."

सिस्टर हलल्या नाहीत. रस्त्याच्या पलीकडून सेठ बोलले, "सिस्टर, हमारा घुटने तक है. बेटी-दामाद आए हैं. पर आप आ जाओ."

"माहं वीतभर होतं वो सिस्टर," बांगड्यावाली म्हणाली. आणि मग शटर वर सरकल्याचा आवाज. "आता कमरेएवढं केलं."

पुढच्या अंधारातून आणखी कोणी तरी बोललं, त्याच्याही पुढून कोणी. माणूस एकही दिसत नव्हता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी, जमिनीजवळच्या फटींतून नुसते आवाज येत होते, गुडघ्याएवढं सिस्टर, कमरेएवढं सिस्टर, असे पार चौकापर्यंत. भाच्याचा हात गळून पडला होता. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

सिस्टर मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यांचं झाकलेलं सगळं भर बाजारात उघडं झालं होतं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "तुले कवापासून मालूम?"

"पाच वर्सं झाली असतीन."

"सेठ, तुम्हाले?"

"सिस्टर, आप कबसे मेरे नौकर को राम राम सेठ बोल रही हो," सेठ चाचरत म्हणाले. "वो बेचारा भी कुछ नहीं बोला. हम सोचे, आपको बुरा लगेगा."

आता त्या माघारी फिरतील आणि पुन्हा कधी या रस्त्याला लागणार नाहीत असं मला वाटलं. त्यांनी कंबरेवर हात ठेवला.

"म्हंजे पाच वर्सं," त्या मोठ्याने म्हणाल्या, "मी कंबर मोडून वाकून राहिली, अन शटर कितीकदा पुरं वरतं होतं, अन तुम्ही आत बसून पाहून राहिले? एकाले वाटलं नाई, का बाई, उभी ये म्हनून?"

आत मास्तर पहिल्यांदा हसले. मग पलीकडे सेठ. मग बांगड्यावाली. बंद बाजार रात्री दहाला खदाखदा हसत होता आणि सिस्टर रस्त्याच्या मधोमध उभ्या राहून सगळ्यांना शिव्या घालत होत्या. भाचा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला आणि डोळे पुसू लागला.

सकाळी तो एकटाच गेला. जीपमध्ये बसताना मला म्हणाला, "माह्याकडे खोली हाये ताई. एवढी मानसं कुठून आनू?"

त्याच संध्याकाळी सेठच्या नोकराने एक वस्तू आणून दिली. कापड मोजायची लोखंडी मीटरची पट्टी, दुकानातलीच, वापरून गुळगुळीत झालेली. सिस्टरांनी ती हातात घेऊन तोलली, जमिनीवर टेकवली, दारात जाऊन उंबऱ्यावर ठोकली. रात्री साडेनऊला मी माडीवरून उतरले तोवर त्या निघून गल्लीच्या तोंडाशी पोचल्याही होत्या.

मी मागून पाहत राहिले. त्या पट्टी पुढे फिरवत चालत होत्या, शटरपाशी थांबत, पट्टी उभी धरून फट मोजत, आणि बेताचंच वाकून आत डोकावत. त्यांना कोणाला काही विचारावं लागत नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण खरं सांगते, त्या आनंदाच्या खाली मला फार एकटं वाटलं. अडीच वर्षांत मला त्या गावात जे काही मिळालं होतं ते त्या दंडावरच्या हातामुळे मिळालं होतं, आणि आता त्या हाताला काम उरलं नव्हतं. मी घराकडे वळले.

"वो पोरी!" मागून आवाज आला. मला पाहणं तर त्यांना शक्यच नव्हतं, पावलं ऐकली असतील. "काऊन वापस चालली?"

"तुमच्याकडे पट्टी आहे ना आता, सिस्टर."

"हाये तं. पन हिले बोलता येते का?" त्या म्हणाल्या, आणि कोपर बाहेर काढून थांबून राहिल्या.